पिकर गेला म्हणून माग बदलायचा?

शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला, आमची अमेरिकेतल्या टीमबरोबरची मीटिंग ऐन रंगात आलेली असताना आण्णांचा फोन आला. आण्णा म्हणजे माझे वडील. कबनूरला असतात. या वेळेला ते कधीच फोन करत नाहीत, त्यामुळे छातीत धस्स झालं. म्यूट दाबून कॉरिडॉरमध्ये आलो.

"अरे, गाडीतला टीव्ही लागंना झालाय," आण्णा म्हणाले.

टीव्ही म्हणजे डॅशबोर्डातला सात इंची टचस्क्रीन. गाडी २०१८ ची, साधी हॅचबॅक. स्क्रीन चालू होतो, कंपनीचा लोगो येतो, पाच-सात सेकंद थांबतो, मग काळोख, मग परत लोगो. दिवसभर हेच. आमच्या धंद्यात याला बूट लूप म्हणतात. आण्णांनी त्याचं नाव 'लोगोचं भजन' ठेवलं.

(कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर मला वकील परवडत नाही. दुसरं म्हणजे नाव बदललं तरी गोष्ट बदलत नाही.)

आता तुम्ही म्हणाल, स्टिरिओच गेला ना? चार दिवस गाणी ऐकू नका. मीही फोनवर हेच म्हणालो. त्यावर आण्णा गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "गाण्याचं काय न्हाय रे. मागचं दिसंना."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. रिव्हर्स कॅमेऱ्याचं चित्र त्याच स्क्रीनवर येतं. आण्णांची मान आखडलेली असते, मागे वळून बघता येत नाही. घर कबनूरच्या एका अरुंद गल्लीत. दोन्ही बाजूंना मागांच्या शेड, सुताचे टेम्पो कधीही आडवे. आणि आईला दर पंधरा दिवसांनी मिरजेला दवाखान्यात न्यावं लागतं. म्हणजे बिघडला होता रेडिओ, आणि बंद पडलं होतं आईचं दवाखान्यात जाणं. एकाच डब्यात सगळं कोंबलं की असं होतं.

सोमवारी रजा टाकली, कबनूरला गेलो आणि गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या इस्त्रीच्या शर्टातल्या मुलाने पाच मिनिटांत निदान केलं.

"सर, पूर्ण युनिट रिप्लेस करावं लागेल. बावन्न हजार, टॅक्स वेगळा. पार्ट यायला तीन आठवडे."

"पण नक्की बिघडलंय काय?"

"युनिट."

"युनिटमधलं काय?"

"सर, युनिट रिपेअर होत नाही. रिप्लेस होतं."

"मग जुनं मला परत द्या."

"ते जमा करावं लागतं सर."

मुलाचा काही दोष नाही. त्याच्यापुढच्या कॉम्प्युटरवर 'दुरुस्त करा' असं बटणच नव्हतं. मी 'बघतो' म्हणालो आणि गाडी परत आणली.

घरी आल्यावर आण्णांना आकडा सांगितला. आण्णांनी आयुष्याची तीस-बत्तीस वर्षं इचलकरंजीत जॉबर म्हणून काढली. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, जॉबर म्हणजे यंत्रमागांचा मेकॅनिक. इचलकरंजी कुठे संपली आणि कबनूर कुठे सुरू झालं हे नवख्याला कळत नाही, खटक्-खटक् आवाज दोन्हीकडे सारखाच. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासूनचा हा आवाज. मागात धोट्याला फटका मारणारा एक छोटा तुकडा असतो, त्याला पिकर म्हणतात. मार खाऊन खाऊन तो झिजतो, तुटतो. तो झिजणारच हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुकानात मिळतो, काढायचा, नवा घालायचा, माग परत चालू.

आण्णा एवढंच म्हणाले, "पिकर गेला म्हणून आम्ही माग बदलत नव्हतो बाबा."

माझ्या मते विषय इथेच संपतो. पण तुम्ही सगळे माझ्यासारखेच शिकलेले, त्यामुळे पुरावे मागणार. देतो.

आमच्या गल्लीपासून दोन गल्ल्या सोडून एक पोरगा आहे. रॅपिअर मागांची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करतो, मधल्या वेळात मोबाइल. त्याच्याकडे युनिट काढून नेलं. त्याने उघडलं, भिंगाखाली धरलं, मीटर लावला आणि अर्ध्या तासात मला दाखवलं. स्क्रीन चांगला. ॲम्प्लिफायर चांगला. रेडिओचा ट्यूनर चांगला. वीजपुरवठा चांगला. गेली होती नखाएवढी एक मेमरीची चिप. "चिप आपल्याकडं हाय सर. बसवायचं काम पण काय लई नाही. पण आत भरायची फाइल कुठनं आणू? कंपनी देत नाही. आणि दुसऱ्या गाडीची भरली तर हे चेसिस नंबर बघून लॉक मारतंय."

हे वाक्य मी त्याला दोनदा बोलायला लावलं. चिप काही शे रुपयांची. बसवायचं कसब कबनूरच्या गल्लीत हजर. अडलं ते फक्त सॉफ्टवेअरवर. म्हणजे अडवलं ते माझ्या जातभाईंनी, माझ्या धंद्यातल्या लोकांनी. बावन्न हजाराचं बिल लोखंडाचं किंवा काचेचं नव्हतं, एका न दिलेल्या फाइलचं होतं.

ही चिप मरते कशी, तेही ऐका. फ्लॅश मेमरीच्या प्रत्येक कप्प्यावर ठराविक वेळाच पुसून लिहिता येतं. नंतर ती थकते. पिकर झिजतो तशीच. याचं जगप्रसिद्ध उदाहरण टेस्लाचं आहे. त्यांच्या जुन्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्यांत ८ जीबीची मेमरी होती, तिच्या कप्प्यांचं आयुष्य साधारण ३,००० वेळा लिहिण्याचं. गाडी त्यावर सतत नोंदी लिहीत राहायची. काही वर्षांत मेमरी संपायची, स्क्रीन मरायचा, आणि त्याबरोबर मागचा कॅमेरा आणि काच साफ करायच्या हवेचं नियंत्रणही जायचं. शेवटी अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याने दट्ट्या लावला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. इतक्या महागड्या गाडीचा पिकर कोणी तरी लिहिलेल्या लॉगिंगच्या कोडने झिजवला. तुम्ही-आम्ही रोज लिहितो तसल्याच कोडने. 'डिबगला उपयोगी पडेल' म्हणून आपण जी ओळ टाकतो ना, तीच.

तर मग काय केलं? बाहेरचा स्टिरिओ बसवला. इचलकरंजीत गाड्यांच्या ॲक्सेसरीजचं एक दुकान आहे, तिथे. आणि इथे मला एका जुन्या, कंटाळवाण्या, अतिशय थोर गोष्टीला नमस्कार करायचाय. ती गोष्ट म्हणजे डॅशबोर्डातलं भोक.

हसू नका. कार रेडिओचा डबा १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असावा हे जर्मनांनी ठरवलं, म्हणून त्याला डिन म्हणतात. पुढे ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. उंची दुप्पट केली की डबल डिन. मागच्या वायरींसाठीही आयएसओचा सॉकेट ठरला: आठ पिनांचा एक वीजपुरवठ्याचा, आठ पिनांचा दुसरा स्पीकरचा. बाजारातल्या स्टिरिओच्या वायरींचे रंगही बहुतेक सारखेच असतात. पिवळी बॅटरीची कायमची, लाल किल्ली फिरवल्यावरची, काळी अर्थची. पांढरी, करडी, हिरवी, जांभळी अशा चार जोड्या चार स्पीकरच्या. या सगळ्याचा अर्थ इतकाच, की कोणत्याही देशातल्या कोणत्याही कंपनीचा रेडिओ कोणत्याही गाडीत बसू शकतो, आणि तो इचलकरंजीतला दहावी झालेला पोरगाही बसवू शकतो. ज्यांनी ही मापं ठरवली त्यांचं नाव कुणाला माहीत नाही. पण माझ्या आईची मिरजेची वारी त्यांच्यामुळे परत सुरू झाली.

आमच्या गाडीत ते भोक होतं, पण लपवलेलं. वर कंपनीने वाकडातिकडा चकचकीत पॅनल चढवलेला. तो काढला की आत शहाण्यासारखं डबल डिन. दुकानदाराने गाडीच्या मापाची फ्रेम घेतली, एक तयार हार्नेस लावला म्हणजे मूळची एकही वायर कापावी लागली नाही, आणि मध्ये एक काडेपेटीएवढा डबा जोडला. गाडीतले वेगवेगळे भाग एकमेकांशी कॅन नावाच्या तारेवरून बोलतात (बॉशची देणगी, १९८६). तो डबा दुभाष्याचं काम करतो. स्टिअरिंगवरची बटणं नव्या स्टिरिओला एकेक दाबून शिकवली. कॅमेरा जुनाच लागला. सगळं मिळून साडेसोळा हजार. दोन तास. मध्ये एकदा चहा.

आता दुकानाची बाजूही नीट सांगतो, नाहीतर म्हणाल हा त्या दुकानाची जाहिरात करतोय. बाहेरचा बाजार काही संतांचा नाही. खोक्यावर लिहिलेलं असतं '४ × ५० वॅट'. गणित करून बघा. गाडी चालू असताना साधारण १४.४ व्होल्ट, स्पीकर ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग भागिले ४, उत्तर ५२ च्या आत-बाहेर. पण हा आकडा तेव्हाचा, जेव्हा ॲम्प्लिफायर पूर्ण पिळून गाण्याचा चौकोनी ठोकळा होतो आणि लताबाई फाटक्या भोंग्यासारख्या ऐकू येतात. स्वच्छ आवाजात याच्या निम्मेही मिळत नाहीत, विशीच्या आसपास धरा. शिवाय स्वस्त माल मेन्यूत अँड्रॉइडचा नवा आकडा दाखवतो आणि आत जुनंच असतं. काही फिटर मूळच्या वायरी दाताने सोलून पिळ देऊन टेप मारतात. फ्यूज गाळतात. अशाने गाड्या जळतात, आणि मग कंपनीवाले 'बघा, आम्ही सांगत होतो' म्हणायला मोकळे. तेव्हा हार्नेस घ्याच, वायर कापू देऊ नका, फ्यूज डोळ्यांनी बघा.

पण एक फरक आहे. हा दुकानदार मला फसवत असेल तर मी शेजारच्या दुकानात जाऊ शकतो. कंपनीकडून निघालो तर जायचं कुठे?

कंपन्यांची बाजू काय असते ती मी ऑफिसात रोज ऐकतो, कधी कधी मांडतोही. पहिला मुद्दा चोरीचा. पूर्वी गाड्यांतले स्टिरिओ सर्रास चोरीला जायचे, लोक पुढचा पॅनल काढून खिशात घालून फिरायचे, हे खरं. गाडीशी बांधलेलं युनिट चोराच्या कामाचं राहिलं नाही, हेही खरं. मान्य. पण चोरापासून वाचवायला केलेलं कुलूप मालकालाही उघडता येत नसेल, तर त्या कुलपाचा मालक कोण? गाडीची कागदपत्रं दाखवली तर कुलूप काढून द्या. घराची किल्ली हरवली तर कुलूपवाला येतो, घर नवं बांधायला सांगत नाही.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा. कोणीही काहीही सॉफ्टवेअर भरलं तर गाडी हॅक होईल. हे आमच्या लोकांचं लाडकं उत्तर, आणि अर्धं खरं असल्यामुळे जास्त धोकादायक. अहो, म्हणून तर फाइलवर डिजिटल सही असते. सही असलेली मूळ फाइल मालकाला दिली तर सही मोडत नाही. त्यात कोणी फेरफार केला तर युनिट ती घेणारच नाही. सहीचा शोध खोटा माल ओळखण्यासाठी लागला, खरा माल अडवण्यासाठी नाही.

तिसरा मुद्दा वॉरंटीचा. 'बाहेर हात लावलात तर वॉरंटी गेली.' हे तर आपल्या देशात केव्हाच निकालात निघालंय, फक्त आपल्याला कोणी सांगितलेलं नाही. शमशेर कटारिया नावाच्या गृहस्थांनी २०११ साली स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, की गाड्यांच्या कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या मेकॅनिकला मिळू देत नाहीत. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. त्यापुढे जाऊन सांगितलं, की सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुली करा. आणि बाहेर काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. दंडावर पुढे अपिलं झाली, वाद चालले. पण मुद्दा सरकारी कागदावर लिहिला गेला त्याला दहा वर्षं उलटून गेली. तुमच्या शोरूमवाल्याने तुम्हाला तो कधी वाचून दाखवला? जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने 'दुरुस्तीचा हक्क' यावर समिती नेमली. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल आणि घरगुती उपकरणांबरोबर गाड्याही होत्या. त्याच वर्षी पोर्टलही आलं. स्वतंत्र कायदा मात्र नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात हाच प्रश्न २०१२ आणि २०२० साली थेट मतपेटीत गेला आणि दोन्ही वेळा लोकांनी दुरुस्तीच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडे आपण काय करतो? ट्विट.

चौथा मुद्दा कोणी उघड बोलत नाही, पण खरा तोच. लोकांनाच मोठा स्क्रीन हवाय. हे मात्र शंभर टक्के खरं, आणि यात दोषी मी आहे. आण्णांना साधं मॉडेल हवं होतं, गोल बटणाचा रेडिओवालं. "काय आण्णा, जमाना कुठे चाललाय," असं म्हणून टचस्क्रीनवालं टॉप मॉडेल घ्यायला मीच लावलं. पासष्ट हजार जास्त दिले. शोरूममध्ये स्क्रीनचा आकार विचारला, रंग विचारला, फोन जोडून दाखवायला सांगितला. स्क्रीन गेला तर काय, हे विचारलं नाही. साड्या घेताना आई पदर उलटा करून बघते. आपण दहा लाखांची गाडी घेताना तेवढंही करत नाही.

आमच्या बाबतीत गोड शेवट झाला तो आमच्या हुशारीने नाही. २०१८ च्या त्या मॉडेलमध्ये जुनं भोक चुकून शिल्लक राहिलं होतं म्हणून झाला. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत ते नाही. स्क्रीन आणि मीटर मिळून एकच लांब काच, एसीचं तापमान स्क्रीनमध्ये, सेटिंग स्क्रीनमध्ये. तिथे दुसरा स्टिरिओ बसवायला जागाच नाही. ती काच गेली की इचलकरंजीतल्या दुकानदाराने करायचं काय, आणि तुम्ही करायचं काय?

आणि खरं सांगू? आमचा शेवटही फारसा गोड नाही. एका चिपसाठी आम्ही धडधाकट स्क्रीन, ॲम्प्लिफायर, ट्यूनर सगळं बाजूला टाकलं. बावन्नऐवजी साडेसोळा हजार गेले म्हणून मी खूश झालो, पण मागच बदलला ना शेवटी! फक्त स्वस्तात बदलला. काही शे रुपयांत व्हायचं काम होतं. उरलेला सगळा कचरा आहे, आणि तो कचरा सध्या कबनूरच्या माळ्यावर, पिशवीत बांधून ठेवलाय. आण्णा टाकू देत नाहीत. म्हणतात, "फाइल मिळाली तर लागंल."

म्हणून म्हणतो, पुढच्या वेळी शोरूममध्ये गेलात की चार प्रश्न विचारा. स्क्रीन बंद पडला तर एसी आणि मागचा कॅमेरा चालेल का? हे युनिट दुरुस्त होतं की फक्त बदलतं, आणि आजची किंमत किती? वॉरंटी संपल्यावर सॉफ्टवेअरची मूळ फाइल मला किंवा माझ्या मेकॅनिकला मिळेल का? आणि बाहेरचा स्टिरिओ बसायला मागे जागा आहे का? सेल्समनला उत्तरं माहीत नसतील. नसू देत. लेखी मागा. दहापैकी चार जणांनी विचारलं तरी वरपर्यंत पोचतं, आपल्या कंपन्यांत ग्राहकाचा प्रश्न कसा वर चढतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि पाचवा प्रश्न स्वतःला, सोमवारी ऑफिसात गेल्यावर. आपण आत्ता जे लिहितोय ते दहा वर्षांनी एखाद्या गल्लीत, भिंगाखाली, कोणी तरी उघडून बसणार आहे. त्याला काय मिळणार, फाइल की लॉक? मी माझ्या टीममध्ये हा विषय काढला. मॅनेजर म्हणाला, 'स्कोपमध्ये नाही.' पुढच्या प्लॅनिंगला परत काढणार आहे.

काल आण्णांचा फोन आला होता, या वेळी सकाळी. आईला मिरजेहून घेऊन परत येत होते. नव्या स्टिरिओवर कोल्हापूर आकाशवाणी लागलेलं ऐकू येत होतं. विचारलं, कसं चाललंय? म्हणाले, "बरं हाय. पर आवाजाला गोल बटण पायजे होतं रं."

बघा, पटतंय का.